क्लब का टिकला आणि क्लब का जिंकला? क्रॉसमाग्लेनच्या मैदानाची गोष्ट



पीएचडी करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "कधी संपणार?" आणि दुसरा, "म्हणजे नक्की करतेयस काय?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आज जरा सविस्तर देते.

माझा विषय एका वाक्यात सांगायचा तर गावातला खेळाचा क्लब आणि त्याच्या मैदानाची जमीन यांचं नातं. ऐकायला फार मोठं काही वाटत नाही, हे मान्य. पण एक उदाहरण घेतलं की यात किती गुंता आहे ते कळतं. आजचं उदाहरण आहे क्रॉसमाग्लेन रेंजर्स नावाचा गेलिक फुटबॉलचा क्लब. उत्तर आयर्लंडच्या आर्मा काउंटीत, अगदी सीमेला खेटून असलेलं, दीड हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. या गावाच्या क्लबने अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद सहा वेळा जिंकलंय. आणि यातला बराच काळ त्यांच्या मैदानाला लागून, मैदानाच्या काही भागावरसुद्धा, ब्रिटिश लष्कराचा तळ होता.

वाचल्या वाचल्या तुमच्या मनात एक गोष्ट तयार झाली असेल. संकटात सापडलेलं गाव, माथ्यावर हेलिकॉप्टरं, तरीही पोरं खेळत राहिली आणि शेवटी जिंकली. माझ्याही मनात हीच गोष्ट तयार झाली होती. त्या प्रकरणाचा पहिला मसुदा मी तसाच लिहिला. आमच्या मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहून पाठवलं: "मग शेजारची गावं का नाही जिंकली?"

त्या एका ओळीने माझे दोन महिने खाल्ले. आजचा लेख म्हणजे त्या दोन महिन्यांचा हिशेब समजा.

आधी खेळ समजून घेऊ

गेलिक फुटबॉल आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून थोडक्यात सांगते. एका बाजूला पंधरा खेळाडू. मैदान आपल्या नेहमीच्या फुटबॉलपेक्षा बरंच मोठं, १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद. चेंडू हाताने पकडता येतो, लाथेने मारता येतो, मुठीने ढकलता येतो. पण हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. पुढे जायचं तर तो जमिनीवर आपटून घ्यायचा किंवा पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात घ्यायचा. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखाली जाळ्यात चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्या काळातला हा हिशेब आहे. म्हणून धावफलकावर "२-१३" दिसलं तर त्याचा अर्थ दोन गोल आणि तेरा गुण, एकूण एकोणीस.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी नियमपुस्तकाच्या दुसऱ्याच पानांवर आहेत. एक म्हणजे हा खेळ हौशी आहे. खेळाडूला खेळण्याचा पगार मिळत नाही, अगदी क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर खेळला तरी. सोमवारी तो आपला शिक्षक, सुतार नाहीतर दुकानदार असतो. दुसरी गोष्ट अशी की क्लबचा पाया असतो पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर. तुम्ही जिथले, तिथल्या क्लबकडून खेळायचं. चार किलोमीटरवरच्या क्लबची टीम चांगली आहे म्हणून उठून तिकडे जाता येत नाही. बदलीचे नियम आहेत, पण ते सोपे नाहीत आणि गावात ते आवडतही नाही.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. क्लब खेळाडू विकत आणू शकत नाही आणि खेळाडू क्लब सोडून जाऊ शकत नाही. म्हणजे तुमच्या गावात जी पोरं जन्माला आली, तीच तुमची टीम. हे डोक्यात असू द्या, पुढे लागणार आहे.

१८८४ आणि त्यानंतर

या खेळांची संघटना, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्लस गावात, हेज हॉटेलात स्थापन झाली. पुढाकार मायकेल क्युझॅक या शिक्षकाचा, आणि पहिले अध्यक्ष मॉरिस डेव्हिन. आश्रयदाते म्हणून तिघांना बोलावलं: आर्चबिशप क्रोक, होमरूल चळवळीचे नेते पार्नेल आणि शेतजमिनीच्या चळवळीतले मायकेल डॅव्हिट. (टिळकांच्या १९१६ च्या होमरूल लीगमुळे आपल्या ओळखीचा झालेला "होमरूल" हा शब्द मूळचा याच आयरिश राजकारणातला.) धर्म, स्वराज्य आणि जमीन. आश्रयदात्यांच्या त्या यादीकडे पाहिलं तरी कळतं की ही संघटना नुसती खेळापुरती राहणार नव्हती.

क्रॉसमाग्लेनचा क्लब आपलं स्थापनावर्ष १८८७ सांगतो, म्हणजे संघटनेनंतर अवघ्या तीन वर्षांत. रंग काळा आणि पिवळसर केशरी. मैदानाला नाव आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांचं. १६८१ साली लंडनमध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशी दिलं होतं, आणि १९७५ साली त्यांना संतपद मिळालं.

मग आली फाळणी. १९२०-२१ मध्ये आयर्लंडचे दोन तुकडे झाले आणि क्रॉसमाग्लेन सीमेच्या उत्तरेला, म्हणजे ब्रिटिश बाजूला राहिलं. गावातले बहुतेक लोक कॅथलिक आणि आयरिश राष्ट्रवादी. त्यांना वाटत होतं की हे तात्पुरतं आहे. तसं वाटायला कारणही होतं. सीमा नव्याने आखायला एक आयोग नेमला होता आणि दक्षिण आर्माचा पट्टा दक्षिणेकडच्या राज्याला द्यावा असं त्या आयोगाचं मत बनलं होतं. पण १९२५ मध्ये ही बातमी "मॉर्निंग पोस्ट" या लंडनच्या वर्तमानपत्रात फुटली, दोन्हीकडे गदारोळ झाला आणि अहवाल गुंडाळून ठेवला गेला. सीमा होती तिथेच राहिली.

जीएएने मात्र ही सीमा मानलीच नाही. तिची अल्स्टर परिषद नऊ काउंट्यांची होती आणि आजही आहे. सहा उत्तर आयर्लंडमधल्या, तीन सीमेपलीकडच्या. म्हणजे क्रॉसमाग्लेनच्या माणसाचं पोस्टाचं तिकीट एका राज्याचं, पण रविवारच्या सामन्याचा नकाशा अखंड बेटाचा. क्लब गावाला एवढा जवळचा का, याचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं.

मैदानात लष्कर

१९६९ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश लष्कर उतरलं. पुढच्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. दक्षिण आर्मा हा त्यातला सगळ्यांत धोक्याच्या भागांपैकी एक. आयआरएची तिथली तुकडी भूसुरुंग पेरण्यात इतकी तरबेज होती की लष्कराने रस्ते वापरणंच जवळपास बंद केलं. माणसं, अन्न, दारूगोळा, सगळं हेलिकॉप्टरने. बेसब्रूकमधल्या जुन्या लिनन गिरणीतला हेलिकॉप्टर तळ त्या काळी युरोपातल्या सगळ्यांत गजबजलेल्या तळांपैकी एक म्हणून ओळखला जायचा.

आणि हेलिकॉप्टर उतरवायला मोकळी सपाट जागा लागते. लहान गावात मोकळी सपाट जागा म्हणजे कोणती? बरोबर. क्लबचं मैदान.

क्रॉसमाग्लेनची पोलीस चौकी मैदानाला लागूनच होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लष्करी तळ उभा राहिला आणि क्लबच्या जागेचा काही भाग लष्कराने ताब्यात घेतला. उंच पत्र्याच्या भिंती, टेहळणी बुरूज आणि त्यांना खेटून गोलाचे खांब. सामना चालू असताना डोक्यावरून हेलिकॉप्टर जायचं. जागा परत मिळावी म्हणून क्लबने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हा प्रश्न डब्लिनच्या संसदेतही विचारला गेला. गावच्या क्लबच्या मैदानाचा प्रश्न दोन देशांच्या सरकारांमधला विषय झाला.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पहिल्या मसुद्यात मी ती गाळली होती. त्या पत्र्याच्या भिंतींच्या आतही माणसं होती, आणि बरीचशी विशीच्या आतबाहेरची. १९७६ मध्ये गावाच्या चौकात सायकलीवर ठेवलेल्या बाँबने जेम्स बोरुकी हा एकोणीस वर्षांचा सैनिक मारला गेला. चौकातल्या लष्करी बुरुजाला पुढे त्याचं नाव दिलं गेलं. गावाला तो बुरूज म्हणजे आपल्यावर रोखलेला डोळा वाटायचा, तर आतल्या सैनिकांना तो आपल्या मेलेल्या सोबत्याची आठवण. एकाच चौकात एकाच बांधकामाचे दोन अर्थ. इतिहास लिहायचा तर दोन्ही लिहावे लागतात. त्याने एका बाजूचं दुःख कमी होत नाही.

तसंच जीएएच्या नियम २१ चं. या नियमाने ब्रिटिश सैन्यातल्या आणि उत्तर आयर्लंडच्या पोलिसांतल्या माणसांना सदस्य होता येत नव्हतं. क्लबच्या बाजूने पाहिलं तर यात राग होता, आणि रागाला कारणं होती. १९८८ मध्ये ऑखनाक्लॉय इथे एडन मॅकॲनेस्पी हा तरुण तपासणी नाका ओलांडून जीएएच्या मैदानाकडे चालला असताना एका सैनिकाच्या गोळीने मेला. त्या सैनिकाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं गेलं ते २०२२ मध्ये, चौतीस वर्षांनी. पण याच नियमाचा दुसरा अर्थ असा की एखादा कॅथलिक मुलगा पोलिसात गेला तर त्याला आपल्या क्लबचं दार बंद. नोव्हेंबर २००१ मध्ये नियम रद्द झाला. तेव्हाही उत्तर आयर्लंडमधल्या सहा काउंट्यांपैकी फक्त डाउनने रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं.

मग यश आलं

१९९६ मध्ये क्रॉसमाग्लेनने आर्मा काउंटीचं अजिंक्यपद जिंकलं. आणि मग जिंकतच राहिले. १९९६ ते २००८, सलग तेरा वर्षं. २००९ मध्ये पिअर्स ओग या क्लबने ही मालिका तोडली.

अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेचा अंतिम सामना त्या काळी १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर व्हायचा. १७ मार्च १९९७ रोजी क्रॉसमाग्लेनने मेयो काउंटीच्या नॉकमोरला २-१३ विरुद्ध ०-११ असं हरवलं. (हिशेब आठवतोय ना? एकोणीस विरुद्ध अकरा.) त्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी, १२ फेब्रुवारीला, बेसब्रूकच्या तपासणी नाक्यावर स्टीफन रेस्टोरिक हा सैनिक आयआरएच्या नेमबाजाच्या गोळीने मेला होता. शांतता करार व्हायला अजून वर्ष होतं. गावात करंडक आला तेव्हा तळ जागच्या जागी होता.

पुढे १९९९ मध्ये बॅलिना स्टीफनाइट्सवर ०-९ विरुद्ध ०-८ असा एका गुणाने विजय. २००० मध्ये डब्लिनच्या ना फिआनावर. गंमत म्हणजे त्या ना फिआनाकडून खेळत होता किअरन मॅगीनी, मूळचा दक्षिण आर्माचाच. दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, तोच आर्मा काउंटीचा कप्तान होता. क्रॉसमाग्लेनचे प्रशिक्षक जो कर्नन आता काउंटीचे प्रशिक्षक झाले होते आणि संघात क्रॉसमाग्लेनचे बरेच जण होते. केरीविरुद्धच्या अंतिम सामन्यात क्रॉसमाग्लेनच्या ओशीन मॅककॉनव्हिलने आधी पेनल्टी चुकवली आणि नंतर गोल केला. आर्माने सामना १-१२ विरुद्ध ०-१४ असा एका गुणाने जिंकला. काउंटीचं ते पहिलं अखिल आयर्लंड विजेतेपद. जो कर्नन स्वतः १९७७ च्या अंतिम सामन्यात आर्माकडून दोन गोल करून हरले होते.

त्यानंतर क्लबने २००७, २०११ आणि २०१२ मध्ये अखिल आयर्लंड करंडक जिंकला. २००७ आणि २०१२ चे अंतिम सामने बरोबरीत सुटले होते, पुन्हा खेळावे लागले.

आता पेन्सिलीच्या ओळीकडे

"मग शेजारची गावं का नाही जिंकली?"

टेकड्यांवरचे बुरूज सगळ्या दक्षिण आर्मावर होते. हेलिकॉप्टरं सगळ्यांच्या डोक्यावरून जात होती. पॅरिशचा नियम सगळ्यांना सारखाच लागू होता. दबावाने विजेते घडत असतील तर त्या पट्ट्यातल्या प्रत्येक क्लबकडे करंडक हवे होते. तसं झालं नाही.

दुसरी अडचण तारखांची. अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा १९७०-७१ च्या मोसमात सुरू झाली. तळही साधारण त्याच सुमारास आला. म्हणजे दोन्ही जवळपास एका वयाचे. तरी पहिली पंचवीस वर्षं क्रॉसमाग्लेनला हा करंडक मिळाला नाही. जुलूम हेच जिंकण्याचं कारण धरलं, तर ही पंचवीस वर्षं कुठे ठेवायची?

दोन महिने डोकं खाजवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दोन प्रश्न एकात कालवले होते. क्लब का टिकला हा एक प्रश्न. क्लब का जिंकला हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

टिकला का, याच्या उत्तरात सीमा येते, तळ येतो, जमीन येते. ज्या गावाला राज्य आपलं वाटत नाही, तिथे क्लब हीच एक आपली संस्था उरते. तिची समिती आपण निवडतो, तिचा जमाखर्च आपण बघतो, तिच्या मैदानाचं गवत आपण कापतो. त्या मैदानात कुणी घुसलं तर ते प्रत्येकाच्या घरात घुसल्यासारखं होतं. अशा वेळी मंगळवारच्या सरावाला जाणं हासुद्धा जागेवरचा हक्क सांगण्याचा एक मार्ग होतो, भाषण न करता.

जिंकला का, याचं उत्तर मात्र खूप साधं आणि खेळातलंच आहे. क्लब खेळाडू आणू शकत नाही हे मघाशी म्हटलं. मग यश तीन गोष्टींवर येतं. एक, काही वर्षांच्या अंतराने चांगल्या पोरांची एक पिढी गावात जन्माला येणं. हा चक्क नशिबाचा भाग. जॉन आणि टोनी मॅकएंटी हे जुळे भाऊ आणि ओशीन मॅककॉनव्हिल एकाच काळात एकाच गावात असावेत, हे कुठल्या समितीने ठरवलं नव्हतं. दोन, त्या पोरांना लहानपणापासून एकत्र खेळवणारी मोठी माणसं असणं. आणि तीन, जिंकलेल्यांनी गावातच राहून पुढच्यांना शिकवणं. २०११ आणि २०१२ च्या विजेत्या संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक होता तोच टोनी मॅकएंटी, १९९७ च्या संघातला. जो कर्ननचे मुलगे पुढे याच क्लबकडून खेळले. शेजारच्या गावांना पहिली गोष्ट त्या वेळी मिळाली नाही, म्हणून तिसरीची पाळीच आली नाही.

तुम्ही म्हणाल, मग या दोन उत्तरांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही का? आहे, पण तो मला वाटला होता त्यापेक्षा छोटा आणि जास्त महत्त्वाचा आहे. १९९६ ची पोरं खेळायला आली तेव्हा खेळायला मैदान होतं. कापलेलं, कुरतडलेलं, भिंतीला टेकलेलं, पण होतं. ते असण्याचं कारण म्हणजे आधीची पंचवीस वर्षं काही जिंकलं नाही तरी कुणीतरी कुलूप उघडत होतं, चुन्याच्या रेषा मारत होतं, जागेसाठी पत्रं लिहीत होतं. ती माणसं करंडकाच्या फोटोत नाहीत. टिकवणाऱ्यांनी जिंकून दिलं नाही. त्यांनी जिंकण्याची जागा शाबूत ठेवली.

शेवटी

ब्रिटिश लष्कराची उत्तर आयर्लंडमधली मोहीम ३१ जुलै २००७ रोजी अधिकृतपणे संपली. दक्षिण आर्माच्या टेकड्यांवरचे बुरूज तोवर उतरवले गेले होते. क्लब आजही तिथेच आहे, त्याच रंगांत. २०२४ मध्ये आर्माने दुसऱ्यांदा अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा प्रशिक्षक होता किअरन मॅगीनी. बावीस वर्षांपूर्वीचा कप्तान. तिसरी गोष्ट आठवली का?

हे सगळं सांगण्याचं कारण असं की क्लबचे इतिहास बहुतेक वेळा करंडकापासून मागे लिहिले जातात. आधी यश घ्यायचं आणि मग भूतकाळात त्याची कारणं शोधत जायचं. तसं केलं की न जिंकलेली वर्षं नुसती वाट पाहण्याची वर्षं वाटू लागतात, आणि न जिंकलेली गावं तर दिसतच नाहीत. मी आता प्रकरण उलट्या बाजूने लिहितेय. मैदानापासून सुरुवात आणि करंडक अगदी शेवटी, तेही एका परिच्छेदात. मार्गदर्शकांकडे परवा पाठवलंय. पेन्सिलीने काय लिहून येतं ते पाहू.

तोवर तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावात, पेठेत किंवा वाडीत एखादं खेळाचं मंडळ असेल, तर पुढच्या वेळी तिथे गेल्यावर भिंतीवरची ढालींची रांग बघून झाल्यावर एक प्रश्न विचारा: ही जागा कुणाच्या नावावर आहे, आणि इथलं कुलूप रोज कोण उघडतं? उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा.